विहिणीशी तिच्याच भाषेत

३ नोव्हेंबर, सोमवार

डोकं तापलंय. संध्याकाळी प्राजूचा व्हिडिओ कॉल. सहावा लागला, पोट दिसायला लागलंय, गाल वर आलेत. मी सरळ म्हटलं, सातवा संपायच्या आत इकडे जव्हारला ये. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? तर मान खाली घालून म्हणते, "आई, सासूबाई नको म्हणतायत. एवढा प्रवास नको म्हणतायत."

आणि या सासूबाई मागे सोफ्यावर बसून काहीतरी विणत होत्या! कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. वर हसल्या. माझी पोर अडवून धरायची, तीही रशियात, आणि वर मलाच हसून दाखवायचं.

म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्यादेखत विचार त्यांना. सगळं बोलले मी. इथली हवा, आपले डॉक्टर, गावाकडच्या, साखरशेतच्या घरची नाचणी, सत्त्व, मालिशला जमनीबाई. चांगली सात-आठ वाक्यं झाली. पोरीने तिकडे वळून तीन शब्दांत उरकलं. ती बाई "दा, दा" म्हणाली. एवढं मलाही कळतं, दा म्हणजे हो. प्राजू परत माझ्याकडे वळली, "नाहीच म्हणतायत गं."

हो म्हणून नाही कसं काय? तर म्हणे त्यांच्यात तसं बोलतात. हो, कळलं, पण नको, असं.

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे समोरचीला भाषाच कळत नाही, तिला काय लागणार, कप्पाळ!

४ नोव्हेंबर

सकाळी डबा भरताना यांच्यापाशी सगळं ओकले. हे मोखाड्याची एसटी गाठायच्या घाईत. म्हणतात, "अगं, त्यांचीही पहिलीच वेळ आहे आजी व्हायची." म्हणजे? माझी काय दहावी आहे?

पोर डॉक्टरकी शिकायला म्हणून गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. लग्न मी मोबाईलवर बघितलं. टीपॉयवर मोबाईल उभा करून अक्षता टाकल्या, त्या सगळ्या सोफ्याखाली गेल्या. बोलले का काही? दिमा मुलगा गुणी आहे, दोघं सुखात आहेत, म्हणून गप्प बसले. पण बाळंतपण आईचं असतं. ते मी कुठल्या ट्रामवालीला देणार नाही. (गालिनाबाई ट्राम चालवायच्या. आता निवृत्त. पण सवय गेलेली नाही, दुसऱ्याच्या मुलीला पण रुळावरूनच चालवायचं.)

६ नोव्हेंबर

ठरलं. मी स्वतः लिहिणार त्यांना. रशियनमधे. मधे दुभाषी आहे तोवर भांडण होतच नाही. प्राजू माझा शब्द गुळात घोळवून तिकडे देते आणि तिचा इकडे. दोघी गोड. पोर मात्र तिकडेच.

मेलचा पत्ता आहे. लग्नाचे फोटो बाईंनी स्वतःच्या मेलवरून पाठवले होते.

यांना सांगितलं तर चहा नाकातून यायचा बाकी राहिला. "तू रशियन टाईप करणार?" का? मराठी शिकवते, इंग्रजी शिकवते. अर्धा तालुका माझ्या घरातल्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमधून बोटं चालवायला शिकून नोकरीला लागला. शेवटी बोटंच ना. "अगं पण मोबाईल करून देतो भाषांतर. ते कॉपी कर, पेस्ट कर." म्हटलं, पेस्ट केलेलं भांडण मला नको.

तरी मोबाईलला विचारून बघितलं. "प्रिय विहीणबाई" टाकलं. जे आलं ते उलटं फिरवून वाचलं तर "प्रिय सासूबाई"! म्हणजे आता मी त्यांची सून. वा रे वा. पेस्ट केलं असतं म्हणजे झालंच होतं. प्राजूची पहिल्या वर्षाची, रशियन भाषेची पुस्तकं कपाटात आहेत. ती गेली तेव्हा हौसेने त्यातली अक्षरं मीही गिरवली होती. नात्यांच्या धड्यात शोधलं. त्यांच्यात विहिणीला एक शब्द आहे चक्क, स्वात्या. इंग्रजीत नाही. शब्द आहे, रीत मात्र नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

रशियन फॉन्ट मिळाला. स्टँडजवळच्या दिनूकडे, तो लग्नपत्रिका छापतो. "ताई, आपल्याकडे सगळं आहे. गुजराती, तामिळ, चिनी, रशियन. बोला, कुठला नमुना? नक्षीदार देऊ?" म्हटलं, नक्षी नको, धारदार दे. पेन ड्राइव्हमधे टाकून दिला.

फॉन्ट बसला. ए दाबला तर ए नाही, वेगळंच काहीतरी उमटलं! कोणत्या बटणाखाली कोण बसलंय ते दुपारभर दाबून दाबून शोधलं आणि कागदावर मांडलं. एक आर उलटा, एक एन उलटा, एक कोळ्यासारखं. तेहतीसच अक्षरं. आपल्या जोडाक्षरांपुढे हे म्हणजे पोरखेळ.

मजा आली, खोटं का लिहू. रागात पण मजा येते.

११ नोव्हेंबर

पत्र पूर्ण. मोबाईलकडून वाक्य घ्यायचं, उलटं फिरवून तपासायचं, पुस्तकात शब्द बघायचा, मग टाईप करायचं. एक पान झालं.

काय लिहिलं ते इथे उतरून ठेवते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की मी भलतंच लिहिलं. आदरणीय विहीणबाई. आमच्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला आईकडे येते. माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं. तुम्ही तिला अडवता हे मला मान्य नाही. सून म्हणून ती तुमची असेल, पण आधी मुलगी ती माझी आहे. प्रवासाचं कारण सांगू नका, डॉक्टर तीसुद्धा आहे. तुम्हाला मुलगी असती तर कळलं असतं. उत्तर मलाच द्यावं, प्राजक्तामार्फत नको.

"मुलगी असती तर" हे वाक्य काढू का म्हणून यांना विचारलं. म्हणाले, काढ. ठेवलं.

वर्डची फाईल जोडून मेल केला. गेला.

१२ नोव्हेंबर

उत्तर आलं!! एक ओळ आणि एक फोटो. फोटोत मोठी गोल पाव-भाकरीसारखी वस्तू, वर साखर, शेजारी फुलं. ओळ मोबाईलला वाचायला दिली, "खूप सुंदर. आभारी आहे." पुढे लाल बदाम.

खूप सुंदर? मी त्या बाईला एक पान आग पाठवली आणि ती म्हणते सुंदर? पालथ्या घड्यावर पाणी. नव्हे, ही थट्टा आहे. मी काय चारोळ्या पाठवल्या होत्या?

तीन बॅचना शिकवलं पण लक्ष नव्हतं. एका मुलीला उगाच ओरडले.

१५ नोव्हेंबर

जमनीबाई आली होती. भाताची झोडणी उरकली, आता मोकळी आहे. पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणते, "कवा येतं बाय आपलं पोर? तेल काढून ठेवलाय मी. तिकडच्या बायांना काय जमतं नाय, त्या पाण्यात पण घालतील तिला, बरफाच्या." प्राजूला, म्हणजे जन्मल्यावर प्राजूला, हिनेच पायावर घेऊन न्हाऊ घातलं. हिला काय सांगू? सांगितलं, येईल गं, तिकीट व्हायचंय. खोटं.

गालिनाबाईंचा तो गोल पाव डोळ्यांसमोरून जात नाही.

१७ नोव्हेंबर

मी गाढव. मी महागाढव. दिनू माझ्याहून गाढव, पण त्याला कोण विचारतं, त्याचं नाव पत्रिकेच्या खाली बारीक अक्षरात असतं.

दुपारी ते पत्र यांना दाखवायला म्हणून मोबाईलवर उघडलं. एकही रशियन अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरं, मधेच सेमीकोलन, मधेच कंस. फाईल माझ्याच कॉम्प्युटरवर रशियन दिसत होती, कारण फॉन्ट माझ्याकडेच आहे. आत सगळं इंग्रजीच. नुसता मुखवटा रशियन.

आणि हे मला, मला कळू नये! मराठीत आयुष्यभर हेच भोगलंय. इथे टाईप करायचं, तालुक्याच्या कचेरीत फाईल उघडायची, तिथे आपला फॉन्ट नाही, की झाला कचरा. मग साहेबांचा फोन, मॅडम हे काय पाठवलंय. पोरींना शंभरदा सांगते, फॉन्ट म्हणजे भाषा नव्हे. आणि स्वतःच्या रागात स्वतःच तोंडावर पडले.

म्हणजे त्या बाईंनी तो कचरा बघितला आणि म्हणाल्या खूप सुंदर. आता याला काय म्हणावं!

हे हसले. जेवायला वाढलं नाही, हाताने घ्या म्हटलं.

१९ नोव्हेंबर

नीट करायला बसले. सेटिंग्जमधे जाऊन भाषा जोडायची, रशियन. मग ती खाली उतरवून घ्यायची, मग कीबोर्ड. नेट इतकं मंद की चहा झाला, भांडी झाली, तरी ते चाक फिरतंच आहे. मग लाईट गेली. आली. परत पहिल्यापासून.

शेवटी जमलं. खाली कोपऱ्यात त्यांची तीन अक्षरं आली, इंग्रजीच्या जागी. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. मेलमधेच टाईप केलं आणि स्वतःलाच पाठवून मोबाईलवर उघडलं. रशियन! खरं रशियन!

पण बटणं सगळी वेगळ्या जागी. दिनूच्या फॉन्टची मांडणी वेगळी होती, ही वेगळी. म्हणजे नऊ तारखेची सगळी दुपार पाण्यात.

२० नोव्हेंबर

सकाळी मशीन उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणे. रोजचा पासवर्ड! सहा वेळा घातला. यांच्यावर संशय घेतला, झाडूवालीवर घेतला. मग दिसलं, खाली कोपऱ्यात भाषा रशियनच राहिली होती. टिंबांमागे सगळं रशियन जात होतं. माझ्याच घरात मलाच प्रवेश नाही.

यांना सॉरी म्हटलं नाही. झाडूवालीला म्हटलं.

२२ नोव्हेंबर

आज तर कहर. परीक्षा तोंडावर. एका मुलीला इंग्रजीचा स्पीड पॅसेज लावून दिला. तिने घड्याळ लावून खाड्खाड् टाईप केलं, स्क्रीनकडे न बघता, जसं मी शिकवलंय तसं. वर बघते तर पानभर रशियन. रडायलाच लागली. "मॅडम, व्हायरस!" बाकीच्या गोळा झाल्या. एकजण म्हणते, मॅडमने काहीतरी लावलंय, रोज दुपारी गुपचूप करतात. मग सांगावं लागलं. माझी मुलगी तिकडे आहे, मला तिच्या सासूला लिहायचंय.

"काय लिहायचंय मॅडम?"

"तुझं काम कर."

त्या मशीनवर रशियन ठेवलं नाही. शेवटच्या, कोपऱ्यातल्या मशीनवर नेलं.

२६ नोव्हेंबर

तक्ता करून भिंतीला लावला, मराठीच्या तक्त्याशेजारी. बटणांवर चिकटवायच्या पट्ट्या जव्हारात कुठून मिळणार, आणि मिळाल्या तरी घेणार नव्हते. खाली बघून टाईप करणाऱ्यांची मीच बोटं पकडते.

घरची रांग, म्हणजे बोटं ठेवायची मधली ओळ, बसली. चार-पाच दिवसांत बरी गती आली. स्वल्पविराम शिफ्ट दाबून येतो, हा काय वेडेपणा आहे? श्वास घ्यायला पण परवानगी. ज आणि झच्या मधलं कोळी-अक्षर करंगळीवर आहे, माझी करंगळी दुखते. पण जेव्हा न बघता "माझी मुलगी" उमटलं, तेव्हा तेच पुन्हा पुन्हा टाईप करत बसले. मग सगळं पुसलं. आधी भांडण.

३० नोव्हेंबर, रविवार

प्राजूचा कॉल. तिकिटाचं विचारलं. "आई, किती वेळा सांगू, सासूबाई..." पुरे म्हटलं. आज गालिनाबाई घरात नव्हत्या. असत्या तर बरं झालं असतं, मी त्यांना तोंडावर एक वाक्य म्हणून दाखवणार होते, पाठ केलं होतं.

प्राजू जरा सुजल्यासारखी वाटली. विचारलं तर म्हणे मीठ कमी केलंय, सगळं नॉर्मल आहे, मी डॉक्टर आहे आई. हो गं बाई, तू डॉक्टर. मी कोण, टायपिस्ट.

मेलबद्दल तिला काहीच माहीत नाही असं दिसलं. म्हणजे विहीणबाईंनीही सांगितलेलं नाही. का बरं?

२ डिसेंबर

दुसरं पत्र. लहान. सगळं स्वतःच्या बोटांनी, सरळ मेलमधे. पाठवायच्या आधी मोबाईलवर, यांच्या मोबाईलवर, दोन्हीकडे उघडून बघितलं.

आदरणीय विहीणबाई, आधीचं पत्र बिघडलं होतं. माझा प्रश्न एकच आहे. तुम्ही प्राजक्ताला बाळंतपणासाठी माझ्याकडे का येऊ देत नाही? कृपया खरं सांगा. मी रागावलेली आहे.

शेवटचं वाक्य हे म्हणाले काढ. ठेवलं.

४ डिसेंबर, गुरुवार

उत्तर आलं. लांब. मोबाईलवर भरवसा नाही म्हणून पुस्तक घेऊन ओळ ओळ लावली. दोनदा लावली. चुकतेय का म्हणून तिसऱ्यांदा लावली.

बाई लिहितात, मला समजलं नाही. मी प्राजक्ताला कधीच अडवलं नाही. उन्हाळ्यातच म्हटलं होतं, आईकडे जा, पहिल्या वेळी आई हवी, माझी आई माझ्याजवळ नव्हती, मला माहीत आहे. दिमालाही सुट्टी काढायला सांगितलं होतं. प्राजक्ता म्हणाली, तुमच्या परीक्षा असतात, तुमच्याकडे मुली शिकायला येतात, तुम्हाला वेळ नाही. म्हणाली, आईनेच नको सांगितलंय. मला वाईट वाटलं होतं, पण तुमच्या घरच्या गोष्टीत मी कशी बोलणार.

आणि मग, पहिलं पत्र मला वाटलं तुमच्या भाषेत आहे. वाचता आलं नाही, आणि मला आलेलं पत्र प्राजक्ताला कसं वाचायला देऊ. पण इतकं लांब लिहिलंत, म्हणून आवडलं.

मला वेळ नाही? मला??

५ डिसेंबर

चोर सोडून संन्याशाला फाशी. महिनाभर मी त्या बाईला शिव्या घातल्या. जेवताना, अंघोळीला, देवापुढे. तीन अक्षरी, चार अक्षरी. आणि तिने बिचारीने "दा, दा" म्हटलं होतं ते खरंच हो म्हटलं होतं की काय, कोण जाणे पोरीने तिला काय विचारलं होतं.

यांना सांगितलं. ताटातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तिला यायचं नसेल." जसं काही मला हे कळलं नव्हतं! कळलं होतं. तेच तर. कोणी मोठ्याने म्हणू नये एवढंच होतं. अंगावर धावून गेले. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?" तर नाही म्हणाले, पण डोळे खाली.

आपलेच दात आपलेच ओठ. कोणाला दाखवू?

मला माझ्या पोरीचा इतका राग कधी आला नव्हता. लग्नाच्या वेळी पण नाही. ती "नाही" म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, काय झालं असतं? आभाळ कोसळलं असतं? दोन आयांना एकमेकींवर सोडून ही मधे बसून सासूचं विणकाम बघत होती.

७ डिसेंबर, रविवार

कॉल मीच केला. इन्स्टिट्यूटमधून, दार लावून. म्हटलं, गालिनाबाईंचं पत्र आलंय. "कोणत्या भाषेत?" हे पहिलं विचारलं तिने. रशियनमधे. मी रशियनमधे लिहिलं, त्यांनी रशियनमधे उत्तर दिलं. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी हसायला आलं तिला, मग कळलं.

मग मी बोलले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ऐकून घेतलं तिने सगळं. शेवटी म्हणाली ते जसंच्या तसं:

"तुला नाही म्हणता येतं का कोणाला, आई? नाही म्हटलं की तू कारण विचारतेस. कारण सांगितलं की तू त्याला उत्तर देतेस. मग माझ्याकडे काही उरत नाही आणि मी हो म्हणते. म्हणून त्यांचं नाव घेतलं. त्यांच्याशी तुला बोलता येत नव्हतं."

मी म्हटलं, आणि त्यांना माझं नाव का? मला वेळ नाही म्हणून?

"त्यांनाही नाही म्हणता येत नाही. त्या रडतात."

तिला तिथेच हवंय. तिच्या हॉस्पिटलमधे, तिच्या मैत्रिणी, दिमा आत उभा राहणार म्हणे. खोली बंद करून शेक, धुरी, सव्वा महिना डोक्याला फडकं, हे तिला नको. "मला भीती वाटते आई. बाळंतपणाची नाही. तिथे आले की मी परत तुझी प्राजू होते, मला काही ठरवता येत नाही."

हे कारण होतं. याला उत्तर होतं माझ्याकडे, जिभेवर होतं. दिलं नाही. कसं थांबवलं माझं मला माहीत.

मग विचारलं, बरं, मी येऊ तिकडे? शेक नाही, धुरी नाही. नुसती येते.

मला वाटलं नेट गेलं.

"नको, आई. आत्ता नको."

बरं म्हटलं. फोन ठेवला.

पहिल्यांदा तोंडावर बोलली. हेच हवं होतं ना मला? मिळालं. आता घे.

१० डिसेंबर

जमनीबाईला सांगितलं, पोर येत नाही. तिने विचारलं नाही का. तेलाची बाटली घेऊन आली होती ती परत नेली नाही, फडताळात ठेवून गेली. "असू दे बाय. तेल काय नासतं काय." ती गेल्यावर भरपूर रडले. मुली यायच्या आधी तोंड धुतलं.

डिंक आणू का, अळीव आणू का, हे विचारतात. कोणासाठी आणता? तुम्ही बाळंत होणार आहात का? चुकलं, त्यांचा काय दोष. पण घरात दुसरं आहे कोण ओरडायला?

११ डिसेंबर

विहीणबाईंचा मेल. प्राजक्ताने त्यांनाही सांगितलं सगळं. त्याही रडल्या म्हणे. (रडतात खऱ्या.) लिहितात, मी तिच्यावर रागावले आणि मग मला वाटलं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त रागावल्या असाल. मी तिला समजावते, तुम्ही तिकडून कागदपत्रं करायला घ्या. माझ्या घरात खोली आहे. नाहीतर मला तुम्ही सांगा, तुमच्यात काय काय करतात. जेवढं ती करू देईल तेवढं मी करते.

दोनदा वाचलं. चांगली बाई आहे. चांगली आहे याचाच राग येतो. वाईट असती तर किती सोपं होतं सगळं.

समजावू नका असं लगेच लिहिलं. ती नाही म्हणाली आहे, तिचं नाही राहू द्या. हे टाईप करताना करंगळी नाही, सगळा हात दुखत होता.

हे म्हणाले, "पासपोर्टला अर्ज टाकून ठेवू का तरी?" मी मशीन बंद केलं.

१४ डिसेंबर, रविवार

आज दिवसभर विहीणबाईंना लिहिलं. माझं काम दुसरीला समजावून सांगतेय. जळतंय मला, आणि तरी एकही गोष्ट गाळली नाही, कारण गाळली तर पोरीचे हाल.

पहिले दिवस पातळ आणि गरम. मेथी. खसखस. नाचणीचं सत्त्व मी पाठवते इथून, दळून, साखरशेतचीच नाचणी. अळीव तिकडे मिळतं, पुस्तकात शब्द सापडला, ते लोक त्याची कोशिंबीर करतात! असू दे. गूळ नाही त्यांच्याकडे. त्यांनी लगेच विचारलं, मध चालेल का? गरम करू नका, म्हटलं. कमरेला तेल. पाय खाली सोडून फार वेळ बसू द्यायचं नाही. वारं लागू द्यायचं नाही, याला त्यांनी उत्तर दिलं की हे आमच्यातही आहे, आमच्या सगळ्या म्हाताऱ्या हेच म्हणतात. पहिल्यांदा हसले.

आणि शेक. शेगडी नको, ती घाबरते. नुसतं फडकं गरम करून कमरेला आणि पोटाला. प्राजूने हो म्हटलं तरच.

१६ डिसेंबर, मंगळवार

सात तारखेनंतर आज पहिल्यांदा प्राजूचा मेसेज. कॉल नाही, मेसेज.

"आई, सासूबाई आत्तापासूनच सराव करतायत, फडकं तव्यावर गरम करून माझ्या कमरेवर. एकदा गार, एकदा चटका. त्या विचारतायत किती गरम. तू लिहिलंयस त्यावरून आम्हाला कळत नाहीये. नीट लिही ना."

राग आला आधी. नको म्हणालीस ना? मग आता? एवढं सगळं टाईप करून शेवटी नीट लिही म्हणून मलाच. टाकते उत्तर, टाकते, असं म्हणत दोन बॅच झाल्या.

लिहायला घेतलं. आपल्या गालाला लावून बघायचं, असं लिहिलं. खोडलं. माझा गाल वेगळा, त्यांचा वेगळा. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मराठीतही जमेना, रशियनचं सोडाच. शेवटी खरं होतं तेच लिहिलं. "हे लिहून कळत नाही गं. हात लावून दाखवावं लागतं." येऊ का, हे मात्र लिहिलं नाही.

वाचल्याची खूण आली. ती काहीतरी टाईप करतेय असं दाखवत होतं. मग थांबलं. मग परत दाखवलं. मग थांबलं.